मागची कडी

रात्री साडेदहाला आई आतल्या खोलीतून हाक मारते, "मागची कडी घातलीस काय ग?" आमच्या घराला मागचं दार नाही. होतं, पण ऑगस्ट २०१९ च्या पावसानंतर ते चिरे घालून बुजवलं. तिथं आता गिलावा केलेली भिंत आहे, भिंतीला लागून तांदळाचं पिंप आहे, पिंपावर पितळी डबे आहेत. आई विसरते असं म्हणावं तर दूधवाल्याचा महिनाभराचा हिशेब तिला तोंडपाठ असतो, कुठल्या भाचीला कितवा महिना चालू आहे तेही. तरी ती विचारते, आणि मी "होय" म्हणते. गेल्या पावसाळ्यापर्यंत मला यात काही वाटत नव्हतं. मग एका रात्री असं झालं की मी लॅपटॉपसमोर डोकं धरून बसले होते, पडद्यावर कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, मला सांगत होता की 'गेट-एफएस' नावाचं फंक्शन या कर्नलमध्ये, लिनक्सच्या गाभ्यात, कुठंच नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी आईची हाक आली. मी "होय" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्दच बाहेर पडेना. नसलेल्या दाराला कडी घातली असं रोज सांगणारी मी, आणि नसलेल्या फंक्शनला हाक मारणारा माझाच चौदा वर्षांपूर्वीचा कोड. तेव्हापासून ते डोक्यातून जाईना.

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या कारखान्यासाठी काम करते. हायड्रॉलिक सिलिंडर दाबून बघायची यंत्रं आहेत, त्यातल्या कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि कर्नल यांच्यातला दुभाष्या कोड, मी २०११ साली लिहिला. कार्डाला सुरू होताना एक फाइल लागते, कुठल्या सेन्सरला किती दाबाला किती आकडा धरायचा याची. ती फाइल ड्रायव्हरनं कर्नलच्या आतूनच उघडून वाचावी असं मी तेव्हा ठरवलं. तसं करायचा एक रुळलेला मंत्र होता, सगळ्यांच्या कोडमध्ये असायचा: जुनी सीमा गेट-एफएसनं वाचून बाजूला ठेवायची, सेट-एफएसनं सीमा उचलायची, फाइल वाचायची, आणि परत सेट-एफएसनं जुनी सीमा जागेवर बसवायची. कुणाच्या तरी ड्रायव्हरमधून मी तो उचलला आणि चाललं म्हणून सोडून दिला. यंत्रावरचा कर्नल ४.१९ आवृत्तीचा होता. आता ६.१ वर न्यायचा ठरला, आणि मंत्र म्हणायला देवच उरला नाही.

सीमा हा शब्द आमच्याकडे सहज उच्चारायचा नाही, पण इथं दुसरा शब्द नाही. प्रोग्रॅम कर्नलला मेमरीतला पत्ता देतो: इथून वाच, इथं लिही. कर्नलनं त्यावर आंधळा विश्वास ठेवला तर संपलंच. ३२ बिटच्या जुन्या यंत्रावर पत्त्यांची जागा एकूण ४ जीबी, त्यातली खालची ३ सहसा प्रोग्रॅमची आणि वरची १ कर्नलची. उद्या प्रोग्रॅमनं वरच्या भागातला पत्ता दिला आणि कर्नल तिथं लिहून आला, तर प्रोग्रॅमनं कर्नलच्याच हातानं कर्नलचं घर फोडलं. म्हणून प्रत्येक वेळी आधी तपासायचं, दिलेला पत्ता सीमेच्या अलीकडचा आहे ना. अडचण एवढीच होती की कधीकधी कर्नललाच ती फंक्शनं स्वतःसाठी वापरायची असायची. माझ्या ड्रायव्हरला फाइल वाचायची होती, पण वाचलेलं ठेवायची जागा कर्नलमधली, म्हणजे सीमेच्या पलीकडची, आणि दारातला पहारेकरी घरच्याच माणसाला आत घेईना. त्यावरचा उपाय सेट-एफएस: थोडा वेळ सीमाच उचलून ठेवायची, म्हणजे कुठलाही पत्ता चालेल. काम झालं की सीमा परत खाली.

यातलं एफएस काय, हे मी कित्येक वर्षं कुणाला विचारलं नव्हतं. १९८५ साली इंटेलनं ३८६ प्रोसेसर काढला तेव्हा त्यात एफएस आणि जीएस असे दोन नवे सेगमेंट रजिस्टर दिले, म्हणजे मेमरीच्या एखाद्या भागाकडे बोट दाखवणारे प्रोसेसरमधले छोटे कप्पे. १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सनं हेलसिंकीत त्याच ३८६ वर कर्नल लिहायला घेतला आणि एक सुंदर सोय केली. कर्नलमध्ये शिरल्यावर बाकीचे रजिस्टर कर्नलच्या मेमरीकडे वळायचे, पण एफएस मात्र ज्या प्रोग्रॅमनं हाक मारली त्याच्या मेमरीकडे बोट दाखवून उभा राहायचा. प्रोग्रॅमचं काही वाचायचं असलं की एफएसमधून वाचायचं. सेट-एफएस म्हणजे खरोखरच ते बोट वळवणं होतं. १९९६ च्या सुमाराला, २.१ च्या मालिकेत, ही तऱ्हा बदलली. सेगमेंटचं काम संपलं, त्याच्या जागी सीमेचा एक साधा आकडा आला. एफएस रजिस्टरचा या सगळ्याशी काही संबंध राहिला नाही.

नाव मात्र राहिलं.

पुढं पाव शतक जगभरची माणसं सेट-एफएस लिहीत राहिली, एआरएमवर, पॉवरपीसीवर, जिथं एफएस नावाचं रजिस्टर कधी नव्हतंच अशा चिपांवरही. नावाबद्दल आमच्या गावात जपून बोलावं लागतं. १ नोव्हेंबर २०१४ ला कागदोपत्री बेळगावचं बेळगावी झालं, पाट्या बदलल्या, आणि आईच्या तोंडचं बेळगाव तसंच आहे. ते तसंच राहावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून सेट-एफएसचं नाव इतकी वर्षं टिकलं हे वाचून मला आधी बरंच वाटलं होतं, हे कबूल करते. पण गावाच्या नावात माणसं राहतात. या नावात राहायला कुणी नव्हतं, आणि त्याच्या आडोशानं एक भोक तेवढं उघडं होतं.

आमचं मागचं दार मागाचं होतं. शहापूरच्या या भागात घरोघरी माग होते. आमच्या घरात आजोबांचा हातमाग होता, खड्ड्यात पाय सोडून बसायचा, आणि सुताची बाचकी पुढच्या माजघरातून नको म्हणून मागच्या बोळातून यायची. दार बुटकं, सागवानी, आतून एक लोखंडी कडी आणि तिच्याखाली आडवा अडसर. अडसर भिंतीतल्या भोकात सरकवायचा, तो पावसाळ्यात फुगायचा आणि ओढताना रडल्यासारखा आवाज करायचा. त्या दाराजवळ खळीचा आंबूस वास असायचा, आणि बाहेरच्या ओल्या बोळाचा, आणि पलीकडच्या अक्कांच्या चुलीवर भाजलेल्या भाकरीचा. माग मी शाळेत असतानाच गेला. खड्डा बुजवला, वर शहाबादी फरशी आली. दार ज्या कामासाठी होतं ते काम संपलं, आणि दार तसंच वापरात राहिलं, कारण दार असलं की माणसं ते कशासाठी तरी वापरतातच. मुलं शाळेला उशीर झाला की तिथून पळायची, मांजर तिथून यायचं. आणि दिवसभरात दहा वेळा उघडलेल्या त्या दाराची कडी रात्री कुणी घालायची, हे कुणाचंच ठरलेलं काम नव्हतं. म्हणून आई विचारायची. एकदा राहिली होती, तर सकाळी न्हाणीघरातला तांब्याचा हंडा गेला होता.

माझ्या कोडमध्ये कडी राहिली होती. त्या रात्री त्या ओळी मी चौदा वर्षांनी नीट वाचल्या. सीमा उचलली, फाइल वाचली, वाचताना चूक झाली तर तिथूनच मागे फिरले. परत फिरायची ती ओळ सीमा खाली आणायच्या ओळीच्या आधी होती. फाइल नीट असली तर सगळं गोड. फाइल खराब निघाली की ड्रायव्हर चूक झाल्याचा आकडा घेऊन परतणार आणि सीमा उचललेलीच राहणार, म्हणजे ज्या प्रोसेसनं, ज्या चालू प्रोग्रॅमनं, हाक मारली तिच्यासाठी कर्नलचं सगळं घर उघडं. मला घाम फुटला. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडून फोन आला होता की ड्रायव्हर चढवायची कमांडच मरते, पडद्यावर नुसतं 'किल्ड' येतं. मी फाइल खराब झाली असेल म्हणून नवी पाठवली, चाललं, विषय मिटला. कर्नलच्या नोंदीत तेव्हा एक ओळ आली होती, सीमा चुकीची ठेवून बाहेर जाताय अशा अर्थाची. मी ती वाचून पुढं सरकले होते.

ती ओळ कुठून आली ते आता शोधलं. २०१० साली नेल्सन एल्हेज नावाच्या प्रोग्रॅमरनी दाखवून दिलं होतं की कर्नल एखाद्या प्रोसेसच्या कामात कोसळला आणि त्या वेळी सीमा उचललेली असली, तर मरणाऱ्या प्रोसेसची आवराआवर करणारा कोडसुद्धा उचललेल्या सीमेनंच चालतो. त्या आवराआवरीत, प्रोसेसनं आधी सांगून ठेवलेल्या एका पत्त्यावर शून्य लिहायचं एक साधं काम असतं. पत्ता कर्नलमधला दिला तर शून्य कर्नलमध्ये जाऊन पडतं. एक शून्य म्हणजे किती? पण योग्य जागी पडलं तर तेवढ्यावर पूर्ण यंत्राचा ताबा घेता येतो, आणि लगेचच तसं करून दाखवलंही गेलं. तेव्हा तेवढी एक जागा बुजवली. मग २०१७ ला, ४.१४ मध्ये, आणखी एक तपासणी घातली: कर्नलमधून प्रोग्रॅमकडे परत जाताना उंबऱ्यावर थांबून बघायचं, सीमा खाली आहे ना? नसेल तर ती प्रोसेस तिथंच मारायची. माझ्या गिऱ्हाइकाची कमांड मारली ती यानं. कुणीतरी, जगात कुठं तरी, रोज रात्री विचारायचं काम कोडमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि त्यानं माझी चूक माझ्या आधी पकडली होती. त्या लिहिणाऱ्याबद्दल मला फार कृतज्ञ वाटलं.

पण रोज विचारणं हा दाराचा इलाज होत नाही.

दार काढण्याचं काम मुख्यतः कर्नलवर काम करणाऱ्या क्रिस्टोफ हेलविग यांनी अंगावर घेतलं. डिसेंबर २०२० च्या ५.१० मध्ये एक्स८६, म्हणजे ३८६ च्याच घराण्यातल्या चिपा, आणि पॉवरपीसी यांच्यावरून सेट-एफएस गेलं. बाकीच्या चिपांवरून ते एकेक करून गेलं, आणि शेवटी उरलेलं अर्न्ड बर्गमन यांनी काढलं, मे २०२२ च्या ५.१८ मध्ये. हे वाचायला दोन ओळींचं वाटतं. मी त्या बदलांचा माग काढत बसले, एकेक करून, तीन रात्री, आणि मला त्यातलं जे भावलं ते काढणं नव्हे. काढण्याची ओळ सगळ्यात शेवटी येते. त्याच्या आधी कितीतरी बदल आहेत, आणि प्रत्येकात एकच प्रश्न घेऊन एकेका वापरणाऱ्याच्या दारी गेलेलं आहे: तुला नेमकं काय हवं होतं? कुणाला कर्नलमधून फाइल वाचायची होती, त्याला त्यासाठीचं सरळ फंक्शन दिलं. कुणाला सॉकेटची, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीची, सेटिंग कर्नलमधून बदलायची होती, त्याच्यासाठी पत्त्याबरोबरच 'हा पत्ता कुणाचा, प्रोग्रॅमचा की कर्नलचा' हेही सांगणारा एक नवा प्रकार केला, म्हणजे सीमा उचलायचं कारणच उरलं नाही. कुणाला कर्नलमधलीच बेभरवशाची जागा जपून वाचायची होती, त्याला त्याचं वेगळं नाव असलेलं फंक्शन. शेवटचा वापरणारा गेल्यावर मग दार. कोड वाढवणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक होतं, कंपनीतही आणि बाहेरही. काढणाऱ्याला दुप्पट वाचावं लागतं. आपण न लिहिलेला, कधीकधी लिहिणारा आता हयातही नसेल असा कोड त्याला समजून घ्यावा लागतो, तेव्हाच्या अडचणीसकट. मला ते काम फार मोलाचं वाटतं आणि असं काम हातून व्हावं असं वाटतं.

आम्ही आमचं दार असं काढलं नाही. २०१९ चा तो ऑगस्ट इथल्या कुणाला सांगायला नको. बोळातलं पाणी त्या बुटक्या दारातून आत आलं, स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत, तांदळाची दोन पोती गेली. पाणी ओसरलं तसा भाऊ गवंडी घेऊन आला. चौकट काढली, ती जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेली, आणि दीड दिवसात भिंत उभी राहिली. निर्णय बरोबरच होता, आजही म्हणेन. पण ते दार कोण वापरतं हे आम्ही कुणी विचारलं नाही. आम्हा भावंडांना वाटलं, माग गेला, आता कोण वापरतंय? अक्का वापरत होत्या. बोळाच्या पलीकडं त्यांचं मागचं दार, आमच्या दारासमोर, मध्ये चार पावलं. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्या मेथीची जुडी घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसायच्या, आई आतल्या उंबऱ्यावर बसायची. अक्का कानडीत बोलणार, आई मराठीत, दोघींनी कधी भाषा बदलली नाही आणि कधी काही अडलं नाही. "ऊटा आतेन री?", जेवण झालं का, असं त्या विचारायच्या आणि आई "तुमचं?" म्हणून दिवसभरातलं सांगायला लागायची. भिंत झाल्यावर पुढच्या दारानं यायचं तर अख्खी गल्ली वळून यावं लागतं. अक्कांचे गुडघे दुखतात, आईचेही. पहिले काही महिने सणावाराला येणं झालं. मग करोना आला. मग ते राहूनच गेलं, आणि आई कधी एका शब्दानं बोलली नाही.

ड्रायव्हरचं काम मी त्या आठवड्यात संपवलं. मंत्राच्या जागी नुसतं नवं फंक्शन बसवून भागलं असतं, पण मी मला विचारलं, तुला नेमकं काय हवं होतं? कार्डाला सुरू होताना एक फाइल हवी होती. त्यासाठी कर्नलमध्ये फर्मवेअर, म्हणजे कार्डाला लागणारी अशी फाइल, मागून घ्यायची सोय केव्हापासूनच आहे. फाइलचं नाव सांगायचं, ती ठरलेल्या जागेतून कर्नलच आणून देतो, वापरून झाली की परत करायची. पंचेचाळीस ओळी गेल्या, अकरा आल्या. जाता जाता आणखी एक गोष्ट काढली. माझ्या कोडमध्ये पत्ता तपासताना 'व्हेरिफाय-राइट' असा एक शब्द जागोजागी होता, लिहिण्यासाठी तपासतोय असं सांगणारा. अगदी पहिला ३८६ कर्नलच्या कामात असताना मेमरीच्या फक्त वाचायच्या पानावरही बिनधास्त लिहू द्यायचा, म्हणून लिहिण्याआधी हातानं तपासावं लागायचं, त्यासाठी तो शब्द. ३८६ ला कर्नलनं २०१३ च्या ३.८ मध्ये निरोप दिला. तरी तो शब्द सगळे लिहीत राहिले आणि ऐकणारं पलीकडं कुणी नव्हतं. जानेवारी २०१९ ला टोरवाल्ड्सनी ५.० साठी एका बदलात तो सगळीकडून पुसला. माझ्याकडं तो सात ठिकाणी होता. पुसताना आईचा प्रश्न आठवला आणि वाटलं, तो प्रश्न असाच आहे, ऐकणारं दार नसलेला.

तसा तो नव्हता. कोड वाचायची सवय लागली की माणूस कशालाही विचारतो, हे कुठून बोलावलं गेलं? आई साडेदहालाच का विचारते, घड्याळ आतल्या खोलीत नाही. मागच्या गुरुवारी मी दिवा मालवून स्वयंपाकघरात पिंपाशेजारी पाटावर बसले. रातकिडे, मोरीत ठिबकणारं पाणी, दूर गोवावेसकडून एखादी गाडी. मग भिंतीच्या पलीकडून, एवढ्या जवळून की मी दचकले, लाकडाचा रडल्यासारखा आवाज आला, आणि पाठोपाठ कडीचा खण्ण. अक्कांच्या दारालाही तसाच अडसर आहे, त्याच सुतारानं केलेला. चिऱ्याची भिंत तो आवाज अडवत नाही.

"मागची कडी घातलीस काय ग?" आतून आई.

मी म्हटलं, "अक्कांनी घातली."

थोडा वेळ आतून काही आलं नाही. मग खाट कुरकुरली. "उद्या संध्याकाळी मला तिकडं ने," आई म्हणाली. "मेथी आणून ठेव दोन जुड्या."